कंसातली आई

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला की मी एका वाक्यात सांगते : जुन्या गाड्यांची हौस असलेली माणसं आणि त्यांची घरं. लगेच पुढचा प्रश्न येतो, "यात संशोधन करण्यासारखं काय आहे?" माझ्या मावशीने तर विचारलं होतं, "म्हणजे गॅरेजवाल्यांशी गप्पा मारायच्या आणि त्याची फेलोशिप मिळते?" साधारण तसंच आहे, मावशी. पण त्या गप्पा नंतर टाइप कराव्या लागतात, आणि आजची गोष्ट त्या टायपिंगमधूनच निघाली आहे.

ज्या तीन अभ्यासांवर माझं दुसरं प्रकरण उभं होतं, त्यांच्याबद्दल आज लिहिते. तिन्ही अमेरिकेतल्या गाड्यांबद्दल आणि हौसेबद्दल आहेत, तिन्ही उत्तम आहेत. पहिला छोट्या मॉडेल गाड्या बनवणाऱ्या मुलांबद्दल, दुसरा गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराबद्दल, तिसरा घरात हत्यारं घेऊन बसणाऱ्या नवऱ्यांबद्दल. आपल्याकडच्या गाडीवेड्या माणसाच्या घरात या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर चाललेल्या असतात. म्हणूनच मला वाटलं होतं की तिन्ही एकत्र वाचले की आपलं काम झालं.

मुलगे आणि त्यांची मॉडेल्स

पहिला लेख रूथ ओल्डेन्झील या डच इतिहासकार बाईंचा, ‘बॉईज अँड देअर टॉईज’. ‘टेक्नॉलॉजी अँड कल्चर’ या नियतकालिकात १९९७ साली आला. विषय आहे ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’. फिशर बॉडी हा जनरल मोटर्सचा गाड्यांच्या बॉडी बनवणारा विभाग. त्यांनी १९३० मध्ये किशोरवयीन मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली आणि ती १९६८ पर्यंत चालवली. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातल्या घोडागाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची असे, कारण तीच घोडागाडी फिशर बॉडीचं बोधचिन्ह होती. पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीचं मॉडेल करायची स्पर्धा आली, मूळ गाडीच्या एक-बारांश मापाचं. बक्षीस लहानसहान नव्हतं. पहिल्या स्पर्धेत प्रत्येकी ५,००० डॉलरच्या चार विद्यापीठ शिष्यवृत्त्या होत्या, आणि तेही मंदीच्या दिवसांत! १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा उपाध्यक्ष झाला. म्हणजे लाकडाचा ठोकळा तासण्यापासून कंपनीच्या वरच्या मजल्यापर्यंत सरळ जिना होता.

तो जिना फक्त मुलग्यांसाठी होता. स्पर्धेच्या नियमांतच मुलींना जागा नव्हती. ओल्डेन्झील यांचा मुद्दा असा की ‘मुलांना गाड्या आवडतातच, रक्तातच असतं ते’ हे म्हणणं खोटं आहे. ती आवड घडवली गेली. त्यामागे कंपनीचा पैसा होता, शाळा होत्या, मुलांच्या संघटना होत्या, वडिलांचा अभिमान होता आणि मेजवानीत गळ्यात पडणारं पदक होतं. आपण ज्याला स्वभाव म्हणतो तो अडतीस वर्षं चाललेला एक कार्यक्रम होता.

हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खरंच उठून घरात फेऱ्या मारल्या. कारण आमच्या घरी अगदी हेच झालं होतं. बाबांकडे सेकंडहँड पद्मिनी होती, आम्ही सगळे तिला फियाटच म्हणायचो. (मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही गाडी बनवायची. आधी फियाट ११००, मग १९७२ पासून प्रीमियर प्रेसिडेंट, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. कागदावर नाव बदललं, लोकांच्या तोंडी फियाटच राहिली.) रविवारी सकाळी बॉनेट उघडलं की दादाच्या हातात दहा-अकराचा पाना आणि माझ्या हातात टॉर्च. शाळेच्या प्रदर्शनासाठी बाबांनी आणि दादाने पुठ्ठ्याची फियाट केली, पहिला नंबर आला. नंबरप्लेटवरची अक्षरं माझी होती, कारण माझं अक्षर चांगलं. टॉर्च नीट धरला नाही म्हणून मी बोलणीही खाल्ली आहेत. मग मी काय लिहिणार? दुसऱ्या प्रकरणाचं सूत्रच ते झालं : गाडीच्या हौसेत बाईला बाहेर ठेवलं जातं.

विलीचे हात

दुसरं पुस्तक डग्लस हार्पर यांचं ‘वर्किंग नॉलेज’, १९८७ सालचं. हार्पर समाजशास्त्रज्ञ आणि छायाचित्रकार. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या ग्रामीण भागात विली नावाचा एक कारागीर होता. तो साब गाड्या दुरुस्त करायचा, आणि त्याबरोबर शेजारपाजारच्यांचं काय वाट्टेल ते. हार्पर यांची पद्धत मला फार आवडते. ते विली काम करत असताना फोटो काढायचे आणि नंतर तेच फोटो त्याच्यासमोर ठेवून बोलतं करायचे : इथे तुझा हात असा का आहे? हा तुकडा तू असाच का कापलास? हाताला जे कळतं ते तोंडाने सांगता येत नाही, ही आपली नेहमीची अडचण. फोटो समोर असला की ते थोडं सुटतं. दुरुस्ती म्हणजे नुसता जुना भाग काढून नवा बसवणं नाही, त्यात विचार आहे, धातूची ओळख आहे, कानाने इंजिन ऐकणं आहे, हे या पुस्तकाइतकं पटवून देणारं मी दुसरं काही वाचलेलं नाही.

आमच्या गाड्यांना ते तंतोतंत लागू पडतं. नव्या फियाटसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. मग हातातली गाडी टिकवायची तर दुरुस्ती आलीच. पॉइंट काजळले की पॉलिश पेपरने घासायचे, दोन पॉइंटमधलं अंतर मोजायला पट्टी नसेल तर पोस्टकार्ड घालून बघायचं. उन्हात गाडी बंद पडली की इंजिनवरच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं. ही विद्या कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हते.

घरातला पुरुषी कोपरा

तिसरा लेख स्टीव्हन गेल्बर यांचा, १९९७ चाच, ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ मधला. कारखाने आले, पुरुषाचं काम घराबाहेर गेलं, मग घरात त्याने करायचं काय? गेल्बर म्हणतात की हत्यारं घेऊन घराची डागडुजी करणं हे त्याचं उत्तर होतं. इथे ते एक छान फरक करतात. घरकामात बायकोबरोबर वाटा उचलणारा पुरुष वेगळा, आणि घराच्या आतच आपला पुरुषी कोपरा उभा करणारा पुरुष वेगळा. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत हा दुसरा प्रकार भरात आला : तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये वर्कबेंच, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं, आणि बायकोची अपेक्षा की गळका नळ यानेच दुरुस्त करावा.

तीन अभ्यास, एक निष्कर्ष : मॉडेल करताना मुलगी बाहेर, गॅरेजमध्ये एकटा कारागीर, घरात पुरुषाचा वेगळा कोपरा. प्रकरण लिहून झालं. मी ते गाइडना पाठवलं आणि आठवडाभर खुशीत होते.

कंस

गाइडनी परत पाठवलेल्या प्रतीत मुलाखतीच्या एका उताऱ्याभोवती पेन्सिलने गोल केला होता आणि समासात एकच शब्द : "काय?"

तो उतारा माझ्या पहिल्याच, सरावासाठी घेतलेल्या मुलाखतीतला. मुलाखत बाबांची. खंबाटकी घाटात गाडी वारंवार बंद पडायची, त्याची गोष्ट ते सांगत होते. आम्ही पुण्याहून साताऱ्याला आजीकडे जायचो, वाटेत खंबाटकी यायचाच. माझ्या टाइप केलेल्या कागदावर असं होतं :

बाबा : तिथे नेमका एअर लॉक व्हायचा. मग मी पंपावर ओलं फडकं टाकायचो, पंधरा मिनिटांत गाडी चालू.
(आई मधे बोलते)
बाबा : नंतर माझ्या लक्षात आलं की दोष टाकीत आहे.

"काय?" म्हणजे, आई काय बोलली?

मला आठवेना. रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. बाबांचा आवाज जवळून येतो, आईचा स्वयंपाकघरातून, मागे कुकरची शिट्टी. आई म्हणते, "एअर लॉक कसला? पावसात बंद पडली होती तेव्हा एअर लॉक होता का? माझ्या वहीत आहे." बाबा म्हणतात, "बरं बरं." आणि मग ते म्हणतात, नंतर माझ्या लक्षात आलं.

हे वाक्य किती मोठं आहे ते समजायला थोडं तांत्रिक बोलावं लागेल. उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ती पुढे ढकलता येत नाही, गाडी गचके खात बंद पडते. याला आपल्याकडे एअर लॉक म्हणतात. ओल्या फडक्याने पंप गार केला की गाडी चालू होते. आता दुसरा दोष बघा. टाकीत गंज आणि गाळ आहे. चढावर इंजिन जोरात पेट्रोल ओढतं, गाळ नळीच्या तोंडाशी येऊन बसतो, गाडी गचके खात बंद पडते. इंजिन थांबल्यावर ओढ थांबते, गाळ तोंडापासून सुटून खाली बसतो, पंधरा मिनिटांनी गाडी चालू होते. दोष दोन, पण लक्षण एकच, आणि उपायही एकच दिसतो, कारण फडकं टाकून आपण पंधरा मिनिटं थांबलेलोच असतो! बॉनेटखाली कितीही वाकून बघा, यातला फरक तिथे दिसणार नाही. तो दिसतो तारखांमध्ये. भर पावसात, गार हवेत गाडी तशीच बंद पडली असेल तर वाफेचा प्रश्नच येत नाही.

तारखा आईकडे होत्या. ती घरखर्चाची वही लिहायची, अजूनही लिहिते. दूध, भाजी, फी आणि गाडी. मी ती वही मागून घेतली. एका जुलैमधली नोंद अशी : "साताऱ्याला जाताना घाटात गाडी बंद. पाऊस. चहा-भजी १४." त्याआधीच्या मे महिन्यातली : "घाटात गाडी बंद. टरबूज ६." नंतर पंप बदलल्याचा खर्च, आणि त्याच्याही नंतर पुन्हा "गाडी बंद". मग एकदाची टाकी उतरवून धुतल्याची मजुरी. पुढे घाटाची नोंद नाही.

म्हणजे निदान आईचं होतं. ते बाबांनी चोरलं असं मी म्हणणार नाही. ती बोलली, त्यांच्या कानावर पडलं, डोक्यात राहिलं आणि पुढे त्यांना ते स्वतःचं वाटलं, घराघरांत होतं तसंच. पण बाबांनी निदान "बरं बरं" म्हणून ऐकलं तरी होतं. मी, पीएचडीची विद्यार्थिनी, बाईला बाहेर कसं ठेवतात यावर प्रकरण लिहिणारी, मी ते कंसात टाकून पुढे गेले.

मग त्या तीन अभ्यासांचं काय?

वही हातात घेऊन तिन्ही परत वाचले. माझं मत बदललं, पण तिघांबद्दल सारखं नाही.

ओल्डेन्झील यांच्याबद्दलचा आदर कमी झालेला नाही. दार बंद होतं, आणि ते कुणी, कसं बंद केलं हे त्यांनी नीट दाखवलं. आमच्याकडेही आईला गाडी चालवायला कुणी शिकवलं नाही, आणि वहीत कितीही तारखा असल्या तरी त्याची भरपाई होत नाही. अडचण लेखाच्या भरात आहे. त्यांचा प्रकाशझोत स्पर्धेवर आणि ती चालवणाऱ्या संस्थांवर आहे. संस्थेकडे बघितलं की आत कोण, बाहेर कोण हे स्वच्छ दिसतं, पण मॉडेल काही संस्थेत तयार होत नव्हतं, ते घरात होत होतं. त्या घोडागाडीला लाकूडकाम होतं, धातूकाम होतं, रंगकाम होतं, आणि आतून कापड लावलेली गादीसुद्धा होती. मुलाने सगळं स्वतः करायचं असा नियम. तो कापड कापायला, टाका घालायला कुणाकडे बघून शिकला असेल? मी उत्तर गृहीत धरत नाही. पण हा प्रश्न स्पर्धेच्या दारात उभं राहून पडत नाही, घरात शिरल्यावर पडतो. आमच्या पुठ्ठ्याच्या फियाटचे हेडलाइट आईच्या शिवणाच्या डब्यातली शर्टाची बटणं होती आणि सीट ब्लाउजपीसच्या तुकड्याची होती, हे मला लेख वाचताना आठवलं नव्हतं. टॉर्च तेवढा आठवला होता. माझी तक्रार आठवली, आईचं काम आठवलं नाही.

हार्पर यांच्याबद्दल माझी शंका जास्त खोल आहे, आणि ती त्यांच्या सगळ्यात चांगल्या गोष्टीबद्दल आहे. हाताचा फोटो काढून हाताच्या मालकाला प्रश्न विचारले की ज्ञान हातात आहे हेच उत्तर येणार. कॅमेरा जिथे रोखला तिथेच उत्तर सापडतं. आईचं गाडीबद्दलचं ज्ञान हातात नव्हतं. ते शेजारच्या सीटवर बसून लक्ष ठेवण्यात होतं आणि रात्री दोन ओळी लिहिण्यात होतं. त्याचा फोटो निघत नाही. निघाला तरी एक बाई वही लिहिताना दिसेल, गाडी दुरुस्त करताना दिसणार नाही. ‘ज्ञान हातात असतं’ हे पुस्तकी शहाणपणाला दिलेलं झणझणीत उत्तर आहे, मान्य. पण दुरुस्तीत किती वेळा, कधी, कुठल्या हवेत, याची स्मृतीही लागते. चांगला मिस्त्री गिऱ्हाइकाला आधी हेच विचारतो, "कधी होतं हे? सकाळी की गरम झाल्यावर?" त्या प्रश्नाचं उत्तर देणारं माणूस दुरुस्तीत सामील आहे की नाही? माझ्या मते आहे, आणि हार्पर यांच्या पद्धतीत त्या माणसाला बसायला खुर्ची नाही.

गेल्बर यांच्या बाबतीत चूक त्यांची नाही, माझी आहे. त्यांची संकल्पना मी उचलून जशीच्या तशी इथे आणली. पुरुषी कोपरा व्हायला आधी कोपरा लागतो. तळघर लागतं, गॅरेज लागतं. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोपरा कुठून आणणार? गाडी सोसायटीच्या आवारात, आणि कार्बोरेटर उघडायचा तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून. जेट साफ करून कपबशीत ठेवायचा, ती कपबशी नंतर कुणी चहाला घ्यायची नाही यावरून भांडण. कोपराच नाही म्हटल्यावर सगळं सगळ्यांच्या कानावर. आईला गाडी कळत होती ती या जागेच्या टंचाईमुळे. अमेरिकन तळघराचा जिना उतरून नवरा खाली गेला असेल तेव्हा वरच्या माणसाला खालचं किती ऐकू येत होतं, हा प्रश्न मला आता गेल्बर यांना विचारावासा वाटतो. पण आपल्या घरांसाठी त्यांची संज्ञा वापरायची असेल तर आधी खोल्या मोजाव्या लागतील.

यातून आता ‘आईसुद्धा मेकॅनिक होती’ असं गोड प्रकरण लिहिण्याचा मोह होतो. तो मी टाळतेय, कारण ते खरं नाही. तिला पाने हाताळता येत नव्हते आणि हाताळायचेही नव्हते. माझा प्रश्न तेवढा बदलला. आधी विचारत होते, पाना कुणाच्या हातात होता? आता विचारते, गाडी का बंद पडली हे सांगण्याचा मान कुणाच्या शब्दाला होता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलाखतीआधीच माहीत होतं. दुसऱ्याचं नाही.

संमतीपत्राची भानगड

मी बाकीची रेकॉर्डिंग काढून बसले. कंस सापडत गेले. (पत्नी काहीतरी सांगते), (मागून आवाज), (सून हसते). एका काकांच्या मुलाखतीत तर त्यांनी क्लच प्लेट कुठल्या वर्षी बदलली ते आतून कुणीतरी सांगतं आणि काका तोच आकडा पुन्हा उच्चारतात. माझ्या कागदावर आकडा काकांच्या नावावर आहे.

आता हे कंस उघडायचे म्हटलं तर एक अडचण आहे, आणि ती कुठल्याही पद्धतिशास्त्राच्या तासाला मला कुणी सांगितली नव्हती. संशोधनात कुणाचं बोलणं वापरायचं तर त्या व्यक्तीची लेखी संमती लागते. सह्या मी फक्त काकांच्या घेतल्या होत्या. आतून बोलणाऱ्या बायकांना मी फॉर्म दिलाच नव्हता, कारण त्या ‘मुलाखतीत’ नव्हत्या. त्यांचा आवाज माझ्याकडे आहे, वापरायची परवानगी नाही. म्हणजे पुन्हा प्रत्येक घरी जायचं, आणि या वेळी स्वयंपाकघरात.

सुरुवात घरातून केली. आईला फॉर्म दिला. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला, जे आजवर एकाही काकांनी केलेलं नाही. मग म्हणाली, "यात लिहिलंय मुलाखत दोन तासांची. मी दोन मिनिटं बोलले असेन. खोट्यावर सही नाही करणार." तेव्हा बसून खरोखर दोन तासांची मुलाखत घेतली. बाबा अधूनमधून मधे बोलत होते. ते काय बोलले तेही या वेळी पूर्ण टाइप केलं आहे.

प्रकरण नव्याने लिहितेय. मुदत वाढवून मागितली आहे, मिळेल असं वाटतंय. तुमच्या घरी गाडीच्या, स्कूटरच्या खर्चाच्या जुन्या वह्या असतील, कुणाच्याही अक्षरातल्या, तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन बघून जाईन.